निरांजनाचं तूप

आषाढी एकादशीपासून विद्याताईंनी सकाळचं काष्ठमौन धरलं होतं. साधं मौन असतं तर माणूस हातवारे करून, डोळे वटारून निम्मी कामं भागवून नेतो. काष्ठमौनात तेही नाही. आंघोळ झाल्यापासून पूजा आटोपून तुळशीला पाणी घालेपर्यंत तोंडातून शब्द नाही, बोटाची खूण नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. लाकूड होऊन बसायचं. निपाणीच्या त्यांच्या आत्याबाई, सोयराबाई, असा नेम करायच्या आणि म्हणायच्या, "पोरी, कशासाठी धरलाय ते देवाला ठाऊक असलं की पुरे. चारचौघांत बोललीस की फळ गेलं बघ वाऱ्यावर."

म्हणून विद्याताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. दामोदरराव आपले समजून चालले होते, की सोमवार आहेत, चतुर्थी आहे, त्यात हे आणखी एक. खरं कारण शमिका होतं.

शमिका त्यांची एकुलती एक. मारतहळ्ळीला राहायची. जीवनभीमानगरातल्या या घरापासून मारतहळ्ळी ती काय लांब? पण आषाढापासून पोरीनं उंबरा शिवला नव्हता. दिवाळीलासुद्धा ती आली नाही, डिलिव्हरीवाल्याच्या हाती काजूकतलीचा डबा तेवढा आला. विद्याताईंनी तो देवापुढे ठेवला आणि घरात कुणीच उघडला नाही.

झालं होतं ते एका गाडीवरून. देवनहळ्ळीकडच्या कुठल्याशा फार्महाउसच्या शेडमध्ये पडून असलेली एक जुनी जपानी गाडी शमिकानं हौसेनं आणली. लाल, बसकी, दोन दारांची. तिच्या इंजिनाची तऱ्हाच निराळी. त्यात वरखाली होणारे पिस्टन नाहीत. भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत फुगीर कडांचा एक तिकोनी लोखंडी रोटर गरगर फिरतो, आणि असे दोन रोटर एकावर एक. शमिका हे सगळं सांगायला लागली की तिचे डोळे असे चमकायचे, की विद्याताईंना न कळताही ऐकत राहावंसं वाटायचं. पण गाडी आणली त्याच आठवड्यात ती फाटकासमोर पांढऱ्या धुराचा लोट सोडून गप्प झाली. गल्ली जमली. आणि दामोदररावांनी, विमानांच्या सरकारी कारखान्यात सारा जन्म तपासणी खात्यात काढलेल्या, दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचाच पगार घेतलेल्या माणसानं, सगळ्यांदेखत म्हटलं, "तिशी उलटली तरी नवरा आणायचं सुचलं नाही. भंगार तेवढं आणलंस घरात."

गाडीची किल्ली शमिकानं आईच्या हातात ठेवली आणि त्याच आठवड्यात भाड्याचा फ्लॅट बघून निघून गेली. ऑफिस जवळ पडतं म्हणे.

दामोदरराव आधी नुसते गाडीभोवती फिरत राहिले. ताडपत्री उचलायची, बघायचं, पुन्हा टाकायची. ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द काही त्यांच्या तोंडातून बाहेर पडेनात; त्याऐवजी एक दिवस त्यांनी मेकॅनिक बोलावून गाडीतून इंजिन बाहेर काढलं. पोर्चमध्ये कमरेएवढा लोखंडी स्टँड आला. खुर्चीवर टॅब्लेट आला. आणि टॅब्लेटमध्ये एक टोपी घातलेला गोरा माणूस आला, तो हे असलंच इंजिन उघडून, धुऊन, पुन्हा बांधून दाखवायचा.

"चालू होईपर्यंत तिला सांगायचं नाही," दामोदररावांनी बजावलं होतं. "उगाच अर्धवट कामाचा डांगोरा नको."

असा त्या घरात एकाचा नेम आवाजाचा आणि एकाचा मुकेपणाचा. देवघर बाहेरच्या खोलीत, दार थेट पोर्चमध्ये उघडणारं. विद्याताई पाटावर बसल्या की पलीकडे टोपीवाला बोलायला लागायचा. त्या जप करायच्या आणि कानावर पडत राहायचं. इंग्रजी त्यांचं बेताचंच, पण रोज ऐकून स्तोत्र पाठ व्हावं तसं त्यांना ते पाठ झालं. आता तो रोटरच्या टोकांना पट्ट्या बसवणार. आता म्हणणार, घाई करू नका. आता मधली जाड प्लेट उचलणार, आणि ती खाली ठेवण्याआधी स्वतः वाकून, मान तिरपी करून म्हणणार: खालून बघा, नेहमी खालून बघा. नेमकं तिथं दामोदररावांचं बोट पडायचं आणि व्हिडिओ पुढे पळायचा. "नुसती बडबड," ते म्हणायचे. "कामाचं बोल की बाबा."

विद्याताईंचं मन जपावरून उडायचं. मणी एकीकडे, चित्त एकीकडे. देवा, हा कसला नेम? बाहेरून लाकूड आणि आतून सारखं उकळतंय.

त्यात तो फोन. रोज सकाळी, कॅबमध्ये बसली की शमिका फोन करायची. देवघराच्या कट्ट्यावर ठेवलेला मोबाइल थरथरत सरकायचा, तिचा फोटो उजळायचा, आणि विद्याताई हात मांडीवर घट्ट दाबून बसायच्या. हीच परीक्षा, त्या स्वतःला सांगायच्या. जिच्यासाठी नेम तिचाच मोह. दुपारी त्या उलटा फोन करायच्या, तर पलीकडून दबक्या आवाजात, "मीटिंगमध्ये आहे गं. काही नाही, सहज केला होता." हळूहळू सकाळचे फोनही विरळ झाले. मग बुधवारी मेसेज आला: "रविवारी एक जण गाडी टो करून नेईल. पार्टसाठी घेतोय. बाबांना सांग, हात लावू नका."

हात लावू नका! इंजिनाचे तर तुकडे पोर्चभर पसरलेले.

दामोदररावांनी मेसेज वाचला आणि जेवणाच्या ताटावरून उठले. एकदा इंजिन बांधून झालं होतं त्यांचं, दसऱ्याच्या सुमारास. पण पाणी भरून बघितलं तर ते आत झिरपलं. पाण्याच्या वाटेभोवती जाड शेवेएवढी रबराची कडी असते. प्लेटमध्ये खाच, खाचेत कडी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आग, मध्ये एवढीशी ती कडी. ती कुठंतरी चिमटली होती. सगळं पुन्हा उघडावं लागलं. नवा संच बाहेरदेशातून मागवला, आणि यानंतरचा कधी मिळेल ते सांगता येत नाही असं विकणाऱ्यानं आधीच कळवून ठेवलं. त्या दिवसांत दामोदरराव घरभर असे येरझारा घालायचे, की विद्याताईंना वाटायचं, आता हे भिंतीतून पलीकडे जातील.

"रविवारच्या आत बांधून बंद करतो," ते म्हणाले. "बांधलेलं इंजिन दिसलं तर ती विकायची नाही. तुकडे दिसले तर गाडी गेली. आणि गाडी गेली की ती या घरात कशाला पाऊल टाकेल?"

शुक्रवारी उजाडायच्या आत ते पोर्चमध्ये होते. कार्तिकातला गारवा होता. शेजारचे नागराज मदतीला आले, मफलर गुंडाळून. नागराज बेळगावकडचे, बँकेतून निवृत्त झालेले; मराठी घरचीच, पण मध्ये मध्ये कन्नडचा तडका. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. कॉफी मिळेल आणि गप्पा होतील एवढ्यावर ते आले होते.

"काय करायचं सांगा की अण्णा. स्क्रू द्यायचा? टॉर्च धरायची?"

"शाफ्ट धरायचा," दामोदरराव म्हणाले. "हा मधला दांडा. मी वरून प्लेट उतरवताना तुम्ही तो बोटभर वर उचलून धरायचा. त्याशिवाय प्लेट आत बसत नाही. आणि मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

"सरी, सरी," नागराजांनी होकारार्थी मान डोलावली.

विद्याताई आंघोळ करून पाटावर बसल्या, तेवढ्यात दामोदरराव काहीतरी शोधत आत आले. कपाट उघडलं, आरशामागे बघितलं, न्हाणीघरात खुडबुड केली. व्हॅसलीन संपलं होतं. रबराच्या कड्या खाचेत चिकटून राहाव्यात म्हणून टोपीवाला व्हॅसलीन फासायचा. पहिल्या खेपेला डबीच्या डबी संपली आणि नवी आणायचं राहून गेलं.

"दुकान उघडायला वेळ आहे अजून," ते पुटपुटले. मग त्यांची नजर देवघरावर पडली. निरांजनासाठी वेगळं काढलेलं साजूक तूप, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात. गारठ्यानं थिजून पांढरं, रवाळ झालेलं. दामोदररावांनी डबा उचलला, बोट खुपसून बघितलं. चांगलं घट्ट होतं.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "थोडंसंच घेतो. इंजिनात गेलं तरी जळूनच जाईल."

विद्याताईंच्या जिभेवर सगळं येऊन उभं राहिलं. अहो, तूप आहे ते! आत्ता दगड आहे, घटकाभरात पाणी होईल. पोर्चमध्ये ऊन कुठून येतं ते ठाऊक नाही का तुम्हाला? रोज वाती भिजवणाऱ्या बाईला तूप कधी थिजतं आणि कधी पातळ होतं हे काय शिकवायला लागतं? पण ओठ मिटलेले. डोळ्यांनीही सांगायचं नाही. दामोदरराव डबा घेऊन गेलेही. देवापुढचं निरांजन तसंच राहिलं. समईच्या तेलावर भागवलं.

त्यांनी माळ ओढायला घेतली. बाहेर नागराज गप्पा मारत होते, त्यांच्या मेहुण्याला इलेक्ट्रॉनिक सिटीत घर घेऊन कशी पश्चात्तापाची पाळी आली त्याची कथा. दामोदरराव हूं हूं करत एकेक कडी खाचेत बसवत होते, वरून तुपाचं बोट फिरवत होते. तपासणीवाला माणूस, हात सावकाश, नजर बारीक. कड्या बसल्याही सुरेख. मग खालच्या रोटरच्या पट्ट्या, त्यांच्या मागच्या स्प्रिंगा. मग रोटर ज्यात फिरतो त्या धातूच्या घराच्या कडेला करडं, चिकट सीलंट. यात वेळ गेला. आणि तेवढ्या वेळात समोरच्या इमारतीच्या टाकीमागून ऊन निघालं, फाटकावरून उतरलं आणि टेबलावर पालथ्या ठेवलेल्या प्लेटवर येऊन बसलं.

विद्याताईंना ते दिसत होतं. लोखंडावर पांढरं होतं ते आधी पारदर्शक झालं, मग चकाकायला लागलं.

"नागराज, धरा शाफ्ट."

"धरला की."

"वर. आणखी. स्वल्प, थोडासाच."

"अय्यो, अण्णा, जड आहे हो हे!"

दामोदररावांनी श्वास घेतला, प्लेट उचलून उलटी केली आणि स्टँडवर आणली. छातीच्या उंचीला. आता वरून बघणाऱ्याला प्लेटची वरची बाजू दिसत होती, साफ, चकचकीत, निर्दोष. पण विद्याताई पाटावर बसलेल्या. त्यांना खालची बाजू दिसत होती. आणि तिथून, खाचेतून सुटून, रबराची काळी कडी वितभर लोंबत होती. तिच्या टोकाशी तुपाचा एक थेंब.

विद्याताईंचा हात आपोआप घंटेवर गेला. घंटा वाजवणं म्हणजे काही खूण नव्हे, घंटा पूजेतलीच. त्यांनी ती वाजवली. जोरात वाजवली. आरतीला वाजवतात त्याच्या दुप्पट वाजवली.

"झाली वाटतं पूजा," दामोदरराव प्लेटवरून नजर न काढता म्हणाले. "नागराज, प्रसाद घेऊनच जा आज."

"शिरा आहे काय, अक्का?" नागराजांनी वाकलेल्या पाठीनं विचारलं.

घंटा थांबली. प्लेट आणखी बोटभर खाली आली. लोंबती कडी आता खालच्या घराच्या कडेवर पडणार, वर प्लेट बसणार, बोल्ट आवळले जाणार आणि ती चिमटणार. मागच्यासारखीच. रविवार येणार. तो माणूस येणार.

कार्तिकी आठवड्यावर आली होती. सगळा चातुर्मास विद्याताईंनी लाकूड होऊन काढला होता. देवापुढे गूळ-खोबरं ठेवून सोडायचा तो नेम. इतक्या सकाळी गिळलेले शब्द, एकावर एक रचलेले. त्यांनी देवाकडे बघितलं. देव नेहमीसारखाच गप्प. तुझं बरं आहे बाबा, त्यांच्या मनात आलं, तुला काही दिसलं तरी बोलावं लागत नाही.

"अहो!"

आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. सकाळचा, न वापरलेला, चिरका.

"अहो, थांबा! खालून बघा!"

दामोदररावांचे हात जागच्या जागी थिजले. त्यांनी बायकोकडे बघितलं, तोंड उघडं. मग खालून बघायला मान वाकवली, कण्हत, गुडघे मोडत, आणि बघितलं.

त्यांनी प्लेट सावकाश बाजूला नेली आणि टेबलावर ठेवली. कडी सुटून त्यांच्या मनगटावर पडली, तुपानं ओथंबलेली.

"तूप," ते म्हणाले.

"तूपच," विद्याताई म्हणाल्या. "उन्हात काय राहतंय ते?"

"मग आधी नाही का सांगायचं?" असं ते बोलून गेले आणि बोलता बोलताच त्यांना कळलं. सीलंटनं बरबटलेले दोन्ही हात पुढे धरून ते उभे राहिले. "विद्या... मोडलं ना तुझं? एवढे दिवस... आता एकादशी आलीच होती की गं."

शब्द सुटले ते सुटले. भरलेली घागर उंबऱ्याशी येऊन हिंदकळावी तसं. तेवढ्यात कट्ट्यावर मोबाइल थरथरला. शमिकाचा फोटो उजळला. सवयीनं विद्याताईंचे हात मांडीवर दाबले गेले. फोन सरकत सरकत समईशी आला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आता दाबून धरायला काही उरलंच नाही.

त्यांनी फोन उचलला.

"हॅलो," त्या म्हणाल्या.

पलीकडे नुसता गाड्यांचा आवाज. मग, "आई? चुकून उचललास का?"

"चुकून कशाला उचलीन?"

"नाही... सकाळी तू उचलतच नाहीस ना. मला वाटलं, तूसुद्धा बाबांच्याच बाजूची. म्हणून मग सोडून दिलं करायचं." पलीकडे हॉर्न वाजला. "आज रविवारचं सांगायचं होतं म्हणून केला. दुपारी काही बोलता येत नाही गं, दिवसभर डोकी असतात आजूबाजूला. ही कॅबमधली वेळ तेवढी माझी."

जिचं तोंड बघायला मिळावं म्हणून दार लावून घेतलं, ती रोज त्याच दाराशी येऊन उभी राहत होती. विद्याताईंना बोलायचं होतं पुष्कळ. पण पोर्चमधून नागराज ओरडले, "अण्णा, सोडू काय शाफ्ट? पाठ गेली की हो माझी!"

"कोण गं? नागराजकाका? कसला शाफ्ट?"

विद्याताईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते मान जोरजोरात हलवत होते, नको, नको. फोन स्पीकरवर टाकून विद्याताई उठल्या, पोर्चमध्ये गेल्या आणि तो त्यांच्या तोंडासमोर नेऊन धरला. दामोदररावांचे हात असे माखलेले, की फोन घेता येईना, बंदही करता येईना.

"बाबा?" फोन म्हणाला. "तुम्ही इंजिन उघडलंत?"

"उघडलं होतं." दामोदररावांनी माखलेले हात मागे घेतले. "आता बंद करतोय."

"कुठवर आलंय?"

"मधली प्लेट."

शमिकाचा आवाज एकदम चढला, लहानपणी खेळात यायचा तसा. "मधली प्लेट? आणि शाफ्ट नागराजकाकांकडे? बाबा, थांबा, बसवू नका! आधी खालून बघा. व्हिडिओतला तो टोपीवाला सांगतो ना, तो भाग लोक नेहमी सोडून देतात. खालून बघा!"

"बघितलं," विद्याताई म्हणाल्या.

"तू?"

"मी."

दामोदरराव फोनच्या जवळ सरकले. "कडी सुटली होती. व्हॅसलीन नव्हतं, तूप लावलं."

"तूप? बाबा, तूप?" आणि ती हसायला लागली. हसतच राहिली, मधेच नाक ओढलं, पुन्हा हसली. "तपासणी खात्यात हे पास झालं असतं का?"

"मी स्वतः नापास केलं असतं." दामोदरराव मनगटावरच्या कडीकडे बघत होते. "शमे, तो रविवारचा माणूस... गाडी तुझी आहे, तू ठरव. पण मी त्या दिवशी जे बोललो... भंगार नाहीये ते. मी बघितलंय आतून. सगळं बघितलंय."

"आणि दुसरं जे बोललात ते?"

नागराजांनी शाफ्ट धरल्या धरल्या दुसरीकडे तोंड फिरवलं. फाटकाबाहेर भाजीवाली ओरडत गेली. विद्याताई फोन धरून उभ्या होत्या. हात भरून आला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

"ते बोलायला नको होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

फोनमधून आला तो शमिकाचा ड्रायव्हरशी बोलण्याचा आवाज, हिंदीत, "भैया, आगे से यू-टर्न ले लो ना. नहीं, ऑफिस नहीं जाना." मग ती परत फोनवर आली. "रस्त्यात मेडिकल लागतं एक. डबी मोठी आणू की छोटी?"

"मोठी," दामोदरराव म्हणाले. "आणि ये सावकाश. घाई नाही."

घाई नाही म्हणाले आणि लगेच घाईला लागले. तूप पुसायला चिंध्या हव्यात, सीलंट खरवडून पुन्हा लावायला हवं, प्लेट सावलीत न्यायला हवी. फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. विद्याताई देवघरात आल्या. पूजा अर्धीच होती. तुपाचा डबा दामोदररावांनी जागेवर आणून ठेवला होता, वर काळ्या बोटांचे ठसे. त्यांनी तो पुसला, उरलेल्या तुपात वात भिजवली आणि निरांजन लावलं. मोडलेल्या नेमाचं काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पोरी, पुढच्या आषाढीला पुन्हा धर. विद्याताईंनी हात जोडले. पुढच्या आषाढीला काहीतरी दुसरं धरीन, त्यांनी देवाला सांगून टाकलं, मोठ्यानं, ऐकू जाईल असं. फराळात एखादी वस्तू सोडीन. सकाळ मात्र मोकळी ठेवीन बाबा.

"विद्या," पोर्चमधून दामोदरराव म्हणाले, "पूजा झाली तरी उठू नकोस हं. ती आली की आम्ही प्लेट उतरवू. तू तिथंच बस. तिथनं दिसतं."

"अण्णा," नागराज काकुळतीला येऊन म्हणाले, "पोरगी येईपर्यंत तरी शाफ्ट खाली ठेवू काय?"